स्वतःचा लाकडी रंधा घडवायचा आहे: लाकूड, पाते आणि पद्धत यांबाबत सल्ला हवा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. सुतारकाम हा माझा व्यवसाय नसून छंद आहे. घरातील खुर्च्या-चौरंग दुरुस्त करणे आणि अधूनमधून एखादी पेटी किंवा लहान कपाट करणे एवढाच माझा आवाका आहे. माझ्याकडे एक लोखंडी जॅक रंधा आहे आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र शेवटची सफाई पॉलिश पेपर न वापरता थेट रंध्यानेच व्हावी, यासाठी एक लहान लाकडी रंधा स्वतः घडवावा असे बरेच दिवस मनात आहे.

एका पाडलेल्या घराच्या सागवानी तुळईचा तुकडा मला मिळाला आहे. तो ३ इंच जाड, ४ इंच रुंद आणि दीड फुटापेक्षा थोडा अधिक लांब आहे. शिवाय शिसवीची एक अरुंद पट्टी आहे. हत्यारांत हातकरवती, पटाश्या, गुण्या, शिकंजे आणि हातात धरून चालवायचे विजेचे ड्रिल आहे. टेबलावरची यंत्रकरवत नाही.

जाणकारांकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सागाचा रंधा टिकेल का, की अधिक कठीण लाकूड शोधावे? ठोकळा एकसंध ठेवून आतून कोरावा, की तो चिरून पुन्हा चिकटवण्याची पद्धत नवख्याने स्वीकारावी? आणि पाते कोठून व कोणते घ्यावे? मी चिपळूणला राहतो, त्यामुळे पावसाळ्यातील दमट हवेचा विचार करूनच उत्तर द्यावे, ही विनंती.

गुण्या

आपल्या तिन्ही प्रश्नांपैकी लाकडाचा प्रश्न मी सर्वांत कमी महत्त्वाचा मानतो, म्हणून तो आधी संपवतो. साग चालेल. शिसव, बाभूळ किंवा खैर यांच्यापेक्षा तो मऊ आणि हलका आहे, त्यामुळे तळ लवकर झिजेल हे खरे. परंतु हवेतील ओलाव्याबरोबर सागाची हालचाल फार कमी होते आणि आपल्या हवामानात हा गुण कठीणपणाहून अधिक मोलाचा ठरतो. जुन्या तुळईचे लाकूड अनेक वर्षे छपराखाली मुरलेले असल्यामुळे वखारीतून आणलेल्या नव्या लाकडापेक्षा ते निश्चितच विश्वासार्ह आहे. कापण्यापूर्वी सर्व बाजूंनी लोहचुंबक फिरवून आत तुटलेला खिळा नाही ना, एवढे अवश्य पाहावे.

पद्धतीबाबत माझा स्पष्ट सल्ला असा आहे की ठोकळा चिरून पुन्हा चिकटवावा. जेम्स क्रेनॉव्ह या कारागिरामुळे ही पद्धत जगभरच्या हौशी सुतारांमध्ये रुजली आणि त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक आहे. रंधा चांगला चालणे हे मुख्यतः पात्याच्या बैठकीवर, म्हणजे पाते ज्या उतारावर टेकते त्या पृष्ठभागावर, अवलंबून असते. एकसंध ठोकळ्यात हा उतार अरुंद खाचेच्या तळाशी असतो, तेथे पटाशी नीट पोहोचत नाही आणि गुण्या तर मुळीच नाही. ठोकळा चिरला की तोच उतार उघड्यावर येतो, आणि मग तो आपण सरळ रंधू शकतो, मोजू शकतो आणि चुकल्यास पुन्हा दुरुस्त करू शकतो.

रीत अशी आहे. ५० मिमी रुंदीचे पाते धरले, तर तुळईच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी सुमारे १० मिमी जाडीच्या पट्ट्या उभ्या चिरून वेगळ्या कराव्यात आणि मधला भाग रंधून ५२ मिमीवर आणावा. पात्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ही २ मिमीची मोकळीक आवश्यकच आहे. ती पाते डावी-उजवीकडे सारण्यासाठी उपयोगी पडतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोरड्या हवेत लाकूड आकसल्यावर पाते बाजूंच्या पट्ट्यांत आवळले जाऊन पट्टी तडकण्याचा धोका टळतो. त्यानंतर मधला भाग आडवा तोडून मागच्या तुकड्यावर ४५ अंशांचा उतार काढावा. तीच पात्याची बैठक. पुढच्या तुकड्यावर उलट दिशेने, साधारण ६० ते ६५ अंशांचा उतार द्यावा, म्हणजे तोंडापासून (तळाची ज्या फटीतून धार बाहेर येते ती) वर जाताना छिलक्यांसाठी जागा रुंदावत जाते. हा पुढचा उतार अगदी तळापासून सुरू न करता पहिले ५-६ मिमी जवळजवळ उभे ठेवावेत.

बैठकीवर वेळ घालवण्यास संकोच करू नये. पात्याच्या पाठीला दिव्याची काजळी लावून ते बैठकीवर दाबले की उंचवटे काळे होतात; तेवढेच खरवडून पुन्हा तपासावे. मध्यभागी केसभर खोलगटपणा राहिला तरी चालतो, कारण पाते तोंडाजवळ आणि वरच्या टोकाला टेकलेले असते. मध्यभागी उंचवटा राहिला तर मात्र पाते त्यावर डोलते आणि कितीही धार लावली तरी पृष्ठभागावर थरथरीच्या आडव्या लाटा उमटतात.

खटपट्या

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मान्य करूनही मी एकसंध ठोकळ्याची बाजू मांडू इच्छितो. आमच्या घरी पिढीजात सुतारकाम होते. मी लहानपणी हाताळलेले सर्व रंधे एकाच ठोकळ्यात कोरलेले होते आणि त्यांपैकी काही आजही कामात आहेत. एकसंध रंध्यात पाते आवळून धरणारी पाचर बाजूंच्या भिंतीत कोरलेल्या खांद्यांना टेकते, त्यामुळे मधोमध आडवी दांडी लागत नाही आणि छिलक्यांना बाहेर पडण्यासाठी पूर्ण वाट मोकळी मिळते. चिकटवलेल्या रंध्यात पाचर टेकण्यासाठी बसवलेली ही दांडी नेमकी छिलक्यांच्या मार्गात उभी असते.

तरीही हे मान्य करतो की खांदे दोन्ही बाजूंना अगदी एकसारखे कोरणे हे हात बसल्याशिवाय जमत नाही. एका बाजूचा खांदा किंचित पुढे राहिला तर पाचर तिरकी बसते आणि पाते प्रत्येक वेळी एका अंगाला सरकते. म्हणून पहिला रंधा चिकटवून आणि दुसरा कोरून, असा क्रम ठेवल्यास माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र वर राहून गेली आहे. ठोकळा कापण्यापूर्वी लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते बाजूने पाहावे. तयार रंध्याच्या तळावर पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे हात फिरवला असता तो गुळगुळीत लागला पाहिजे, म्हणजे रेषा मागच्या टोकाकडे जाताना तळाकडे उतरत गेल्या पाहिजेत. हे उलट झाले तर रंधा ओढ घेतो आणि तळाचे तंतू हळूहळू उचकटू लागतात. गाठ असलेला भाग तर तळाला येऊच देऊ नये.

भट्टी

पात्याबद्दल लिहितो, कारण माझा संबंध लाकडापेक्षा लोखंडाशी अधिक आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लोखंडी रंध्याचे सुटे पाते कॅप आयर्नसह (पात्यावर स्क्रूने बसणारी दुसरी लोखंडी पट्टी) विकत घेणे. हार्डवेअरच्या दुकानात २ इंची पाते सहज मिळते. ते साधारण २ मिमी जाडीचेच असते, त्यामुळे एकट्याने वापरल्यास थरथरते. म्हणून कॅप आयर्न सोबत हवेच. कॅप आयर्नच्या स्क्रूचे डोके पात्याच्या खाली येते, त्यासाठी बैठकीच्या मधोमध एक उभी घळ कोरावी लागते. ही घळ तळापर्यंत आणू नये. तोंडाजवळची बैठक अखंड राहिली पाहिजे.

दुसरा मार्ग माझ्या अधिक आवडीचा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मोडक्या लाकडी रंध्यांची जुनी जाड पाती कधीकधी मिळतात. त्यांपैकी अनेक पाती धारेकडे जाड आणि वरच्या टोकाकडे पातळ होत जातात. जुन्या पात्यांत मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर भट्टीत तापवून जोडलेला असतो. धारेचा उतार घासून चकचकीत केला की दोन्ही धातूंमधली रेघ स्पष्ट दिसते. हे पोलाद पात्याच्या पूर्ण लांबीला नसते, म्हणून विकत घेताना पाठ घासून किती थर शिल्लक आहे ते पाहावे. थर संपत आलेले पाते स्वस्तात मिळाले तरी ते घेण्यात अर्थ नाही.

तिसरा मार्ग म्हणजे पाते घडवून घेणे. गाडीच्या पाट्याचे पोलाद लोहाराकडून ४ ते ५ मिमीपर्यंत ठोकून घेतले तर पाते दणकट होते, मात्र त्याची धार कानशीच्या पोलादाइतका वेळ टिकत नाही. कानस वापरायची झाल्यास ती आधी तापवून आणि राखेत सावकाश थंड करून मऊ करावी लागते. आकार दिल्यानंतर धारेकडचा इंच-दीड इंच भाग लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत आणि त्यावर थोडासाच अधिक तापवून कोमट तेलात सरळ उभा बुडवावा. लोहचुंबकाची ही खूण सुमारे ७७० अंश सेल्सिअसला मिळते. तेलातून काढलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते स्वच्छ घासून घरच्या ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर तासभर ठेवावे, म्हणजे फिकट गवती रंग चढतो आणि ठिसूळपणा उतरतो. ही पायरी गाळल्यास पहिल्याच गाठीला धारेचा तुकडा उडेल.

कोणतेही पाते घेतले तरी धारेचा उतार २५ अंशांचा आणि अगदी कडेला ३० अंशांचा ठेवावा. बैठक ४५ अंशांची आणि उतार खालच्या बाजूला असल्याने धारेच्या मागे १५ अंशांची मोकळीक उरते आणि ती पुरेशी आहे. पात्याची पाठ धारेजवळ आरशासारखी सपाट करून घेतल्याशिवाय पुढची सर्व मेहनत वाया जाते.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत राहतो. येथे लाकडी रंधे आजही नवे विकत मिळतात, म्हणून त्यांच्या रचनेतील एक गोष्ट सांगतो. त्यांचा मुख्य देह बीच वृक्षाच्या लाकडाचा असतो, परंतु तळाला बहुधा हॉर्नबीम या अधिक कठीण लाकडाची वेगळी फळी जोडलेली असते. देह हाताळायला हलका राहतो आणि झिजण्याचे काम कठीण लाकडाकडे जाते. आपल्याकडे साग आणि शिसव दोन्ही आहेत, तेव्हा सागाच्या देहाला ६ ते ८ मिमी जाडीचा शिसवीचा तळ, ही जोडी विचारात घेण्याजोगी आहे. शिसवीच्या रेषा अनेकदा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे ती फळी सपाट करताना त्रास होईल. तेथे पॉलिश पेपर वापरण्यास संकोच करू नये.

मात्र पहिल्या रंध्याला वेगळा तळ लावावा असे मी म्हणणार नाही. तळ झिजल्यावर तो नंतरही लावता येतो आणि तोंड रुंदावले असेल तर त्याच दुरुस्तीत तेही पुन्हा अरुंद होते.

दमट हवेबाबत एवढेच की पूर्ण झालेल्या रंध्याला सर्व बाजूंनी, विशेषतः दोन्ही आडव्या कापांना, उकळलेले जवसाचे तेल दोन-तीनदा पाजावे, कारण ओलावा सर्वाधिक तेथूनच आत-बाहेर करतो. त्यासाठी वापरलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत. तळाला वार्निश लावू नये, मेणबत्ती घासली की पुरते. काम संपल्यावर पाचर सैल करून ठेवावी.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिकटवण्याची पद्धत आणि कॅप आयर्नसह सुटे पाते, असा निर्णय घेतला आहे. आडव्या दांडीची नेमकी जागा कशी ठरवावी, हे मात्र मला अद्याप उमगलेले नाही. तसेच साग तेलकट असल्यामुळे त्याचा सांधा पुढे सुटतो असे येथील एका सुताराने सांगितले. ते कितपत खरे आहे?

गुण्या

सांध्याबद्दलची भीती निराधार नाही, परंतु तिच्यावर उपाय आहे. सागातील तेल हळूहळू पृष्ठभागावर येते, म्हणून रंधल्यानंतर लगेच, निदान त्याच दिवशी चिकटवावे आणि गोंद लावण्याच्या क्षणभर आधी ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यावेत. दमट हवेसाठी फेव्हिकॉल मरीन योग्य आहे. शिकंजे दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नयेत. गोंद लावलेले तुकडे आवळताना घसरतात आणि मोजून ठेवलेले तोंड बिघडते. त्यासाठी ठोकळा अंतिम लांबीपेक्षा दोन्ही टोकांना दोन-दोन इंच अधिक ठेवावा आणि त्या वाढीव भागात कोरड्या जुळणीच्या वेळीच लाकडी खुंट्या बसवाव्यात. रंधा २५० मिमी लांबीवर तोडला की खुंट्यांचा भागही आपोआप निघून जातो.

आता दांडी. मागचा तुकडा, पाते आणि कॅप आयर्न जागेवर ठेवून बाजूच्या पट्टीवर त्यांची कड पेन्सिलीने आखून घ्यावी. कॅप आयर्नच्या वरच्या पृष्ठभागापासून, बैठकीला काटकोनात, पाचरीसाठी ८ ते १० मिमी आणि त्यापुढे दांडीची निम्मी जाडी मोजावी. त्या अंतरावर बैठकीला समांतर रेघ मारावी. तळापासून सुमारे ३२ मिमी उंचीवर ही रेघ जेथे येईल, तेथे दांडीचा मध्य ठेवावा. दोन्ही पट्ट्या एकावर एक आवळून एकाच वेळी भोक पाडावे, म्हणजे दांडी वाकडी बसण्याचा प्रश्नच राहत नाही. ही दांडी १० मिमी व्यासाची पितळी घेतली तरी चालते, परंतु आपल्याकडे शिसव आहे, तेव्हा १२ मिमी चौकोनी दांडी करून तिची फक्त दोन टोके गोल करावीत. ती भोकांत किंचित फिरती राहिली की तिची सपाट बाजू पाचरीवर आपोआप पूर्ण टेकते. ही दांडी चिकटवू नये आणि बाजू चिकटवण्यापूर्वीच ती आत घालण्यास विसरू नये, कारण नंतर ती घालता येत नाही.

पाचरीचा उतार ८ ते १० अंशांचा ठेवावा. उतार फार ठेवला तर ठोका बसताच पाचर मागे उडते आणि फार कमी ठेवला तर ती सोडवताना त्रास होतो.

तोंडाबाबत घाई नको. चिकटवताना ते इतके अरुंद ठेवावे की धार बाहेर येऊच शकणार नाही. नंतर तळ सपाट करताना ते आपोआप उघडत जाते. बैठक ४५ अंशांची आणि पुढच्या तुकड्याचे पहिले ५-६ मिमी जवळजवळ उभे असतील तर तळ १ मिमी घासला की तोंड जवळपास १ मिमीने रुंदावते. तळ सपाट करण्यासाठी जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर रंधा घासावा आणि त्या वेळी पाते मागे ओढून पण पाचर नेहमीइतकीच ठोकून ठेवावी, कारण पाचरीच्या दाबाने देह केसभर वाकतो आणि तळ त्या ताणलेल्या अवस्थेतच सपाट असायला हवा. सफाईच्या रंध्याचे तोंड शेवटी अर्धा मिमी किंवा त्याहून कमी उघडे असावे.

खटपट्या

ठोकण्याची रीतही लिहून ठेवतो. पाते खाली आणायचे असेल तर त्याच्या वरच्या टोकावर लहान हातोडीने हलकेच टिचकी द्यावी. ते मागे घ्यायचे असेल तर रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकावे. पाते वर सरकते आणि पाचर सैल होते, म्हणून नंतर पाचरीवर एक ठोका द्यावा. धार एका बाजूला अधिक बाहेर असेल, तर पात्याच्या वरच्या टोकाला त्याच बाजूने टिचकी द्यावी, म्हणजे ते टोक विरुद्ध बाजूकडे सरकते. लोखंडी हातोडी थेट लाकडावर कधीही मारू नये.

वाशिष्ठीकाठ

रंधा तयार झाला आहे. बैठक काजळीने तपासली, तळही सपाट आहे आणि सागावर अतिशय पातळ, अखंड छिलका निघतो. एकच अडचण आहे. थोडा वेळ चालवल्यावर तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत छिलके अडकू लागतात. मध्यभागी मात्र वाट मोकळीच राहते. तोंड आणखी रुंद करावे का?

गुण्या

तोंड रुंद करू नका. छिलके मध्यभागी अडकत असते तर मी पाचरीचे खालचे टोक अधिक पातळ करायला किंवा कॅप आयर्न पात्यावर पूर्ण टेकते का ते पाहायला सांगितले असते. कोपऱ्यांत अडकण्याचे कारण वेगळे आहे. आपले पाते सरळ धारेचे आहे, त्यामुळे छिलका पात्याच्या पूर्ण ५० मिमी रुंदीचा निघतो आणि वर चढताना त्याच्या दोन्ही कडा बाजूच्या पट्ट्यांना घासतात. धार लावताना शेवटी दोन्ही कोपऱ्यांवर बोटाचा दाब देऊन दगडावर काही जादा हात मारावेत, म्हणजे कोपरे मध्यापेक्षा केसभर मागे जातील. छिलका पात्यापेक्षा थोडा अरुंद निघू लागला की तो पट्ट्यांना शिवणार नाही, शिवाय रंधलेल्या पृष्ठभागावर पात्याच्या कडांच्या उभ्या रेघाही उमटणार नाहीत.

त्याआधी पाते काढून, बाजूच्या पट्टी आणि पुढचा उतार मिळतात त्या कोनात बारीक काडी फिरवून पाहावी. तेथे सुकलेला गोंद राहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे आणि तसे असेल तर अरुंद पटाशीने तो खरवडून काढणे एवढेच काम उरेल.